लसणाच्या मऊ ब्रेडस्टिक्स : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

इटालियन पद्धतीच्या, लसूण-लोणी लावलेल्या मऊ ब्रेडस्टिक्स घरी कराव्यात, ही हौस अनेकांना आहे, असे या वेळी आलेल्या पत्रांवरून दिसते. बहुतेक पत्रांतली तक्रारही सारखीच आहे : चव जमते, रंग जमतो, पण हवी तशी लुसलुशीत ब्रेडस्टिक हाती लागत नाही. मिळत्याजुळत्या शंका एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. मऊपणाविषयीचे पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिले आहे, कारण पुढच्या बऱ्याच शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : ओव्हनमधून काढल्यावर ब्रेडस्टिक्स मऊ असतात, पण तासाभरात त्या वातड होतात. लोण्याचे प्रमाण दुप्पट करून पाहिले, तरी फरक पडला नाही. काय चुकत असावे?

लोणी वाढवून हा दोष जात नाही, कारण तो पाण्याच्या कमतरतेतून आलेला असतो. लोणी किंवा तेल पावाला खुसखुशीतपणा आणि स्वाद देते, आणि त्यामुळे पाव थोडा उशिरा शिळा होतो हेही खरे. पण आतला गर मऊ राहण्यासाठी पिठात पाणीच पुरेसे मुरलेले असावे लागते. आपण केलेल्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की, पीठ हाताला चिकटू लागल्यावर आपण त्यात वरून मैदा घालत असाल. पाव करणाऱ्या नवख्या माणसाच्या हातून हे हमखास होते, आणि नेमके तेथेच सारे बिघडते.

प्रथम प्रमाण सांगते. मैदा ४०० ग्रॅम, कोमट दूध १३० मिलिलिटर, कोमट पाणी १३० मिलिलिटर, साखर २० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा, आणि मऊ लोणी किंवा ऑलिव्ह तेल ३५ ग्रॅम. एवढ्या साहित्यात सुमारे ५० ग्रॅमचे १४ उंडे होतात. यात मैद्याच्या तुलनेत दूध आणि पाणी मिळून ६५ टक्के आहे. आता मैदा वजनाने न घेता कपाने घेतला, आणि कप डब्यात खुपसून दाबून भरला, तर त्याच कपात १२० ग्रॅमऐवजी १५० ग्रॅम मैदा सहज बसतो. ४०० ग्रॅमच्या जागी ४६० ग्रॅम मैदा पडला की तेच प्रमाण ५७ टक्क्यांवर येते, आणि मऊ ब्रेडस्टिकचे पीठ कडक पावाचे पीठ होऊन बसते. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, बाकी कोणतेही उपकरण नसले तरी चालेल, पण पाव करणाऱ्याने वजनकाटा घ्यावा.

हे पीठ सुरुवातीला चिकटणारच. पहिली चार-पाच मिनिटे ते बोटांच्या बेचक्यांत अडकते, परातीच्या कडांना लागते आणि आपल्याकडून काही चुकले असे वाटू लागते. या वेळी मैद्याच्या डब्याकडे हात नेऊ नये. पीठ झाकून दहा मिनिटे तसेच ठेवावे. तेवढ्या वेळात मैदा पाणी शोषून घेतो आणि मळण्याचे निम्मे काम आपोआप होते. मग हाताला थेंबभर तेल लावून पुन्हा मळायला घ्यावे. पीठ तळहाताने पुढे ढकलावे, दुमडून मागे आणावे, परात थोडी फिरवावी आणि पुन्हा ढकलावे. सातव्या-आठव्या मिनिटाला पीठ स्वतःला सावरू लागते : परातीच्या कडा स्वच्छ होतात, गोळ्यावर तुकतुकी येते आणि तो कानाच्या पाळीसारखा मऊ लागतो. लोणी या टप्प्यावर थोडे थोडे घालून मुरवावे, कारण ते आधीच घातले तर मैद्याच्या कणांवर त्याचा थर बसून ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारी प्रथिनांची जाळी, तयार व्हायला वेळ लागतो. लोणी घातल्याबरोबर पीठ क्षणभर फाटल्यासारखे दिसते. त्याने घाबरू नये, दोन मिनिटांत ते पुन्हा एकजीव होते.

मळणे पुरेसे झाले की नाही, हे पाहण्याची खूण अशी : लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी सावकाश ताणावा. त्याचा पापुद्रा इतका पातळ झाला पाहिजे की त्यातून उजेड दिसावा. पापुद्रा लगेच तुटला आणि तुटलेली कड खडबडीत दिसली, तर अजून तीन-चार मिनिटे मळावे. ग्लुटेनची ही जाळी नीट तयार झालेली असेल तरच यीस्टने सोडलेला वायू आत धरून ठेवला जातो, आणि गर जाळीदार व हलका होतो.

दुसरे कारण ओव्हनमध्ये असू शकते. ब्रेडस्टिक जळेल या भीतीने पुष्कळ जण १६० अंशांवर २५ मिनिटे भाजतात. एवढ्या वेळात ती बाहेरून फिकट राहते आणि आतून मात्र सुकते. ओव्हन २०० अंश सेल्सिअसला पूर्ण तापवून १२ ते १४ मिनिटेच भाजावे. पंखा असलेला ओव्हन असेल तर तापमान २० अंशांनी कमी ठेवावे. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असल्यास ब्रेडस्टिकच्या मध्यभागी ९० अंश दिसले की ती भाजली गेली असे समजावे. वरचा रंग गडद तपकिरी होण्याची वाट पाहू नये, फिकट सोनेरी पुरे.

तिसरी गोष्ट बहुतेक पाककृतींत एका ओळीत उरकलेली असते, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. ब्रेडस्टिक बाहेर येते तेव्हा तिच्या आत पुष्कळ वाफ कोंडलेली असते, आणि पहिल्या दहा मिनिटांत ती वाफ साल ओलांडून बाहेर पडते. ब्रेडस्टिक उघडी ठेवली तर वाफ निघून जाते आणि साल कडक राहते. तीच ब्रेडस्टिक बाहेर येताक्षणी लोणी लावून स्वच्छ सुती फडक्याने झाकली, तर बाहेर पडणारी वाफ सालीत मुरते आणि साल बोटाने दाबता येईल इतकी मऊ होते. मी स्वतः एकाच भाजणीतल्या निम्म्या ब्रेडस्टिक्स झाकून आणि निम्म्या उघड्या ठेवून पाहिल्या आहेत. अर्ध्या तासाने त्या दोन वेगळ्या पिठांच्या असाव्यात असे वाटले. फक्त झाकण हवाबंद नसावे, नाहीतर पाणी साचून तळ ओला होतो.

प्रश्न : लसणाचा स्वाद आतपर्यंत उतरावा म्हणून दहा पाकळ्या ठेचून पिठातच घातल्या. पीठ सैल आणि चिकट झाले व दोन तासांत जेमतेम फुगले. यीस्ट खराब होते का?

यीस्टला दोष देऊ नये. लसूण ठेचला की त्याच्या पेशी फुटतात, आतील एन्झाइम मोकळे होते आणि अ‍ॅलिसिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य तयार होते. ठेचलेल्या लसणाला जो झणझणीत वास येतो, तो याचाच. हे द्रव्य सूक्ष्मजीवांची वाढ रोखते, आणि यीस्ट हाही सूक्ष्मजीवच आहे. शिवाय लसणातील गंधकयुक्त द्रव्ये ग्लुटेनचे धागे जोडून ठेवणाऱ्या बंधांवरच परिणाम करतात, म्हणून चांगले मळलेले पीठही ढिले पडते. आपल्या पिठाचे हे दोन्ही हाल एकदमच झाले आहेत.

स्वाद आत हवाच असेल तर दोन मार्ग आहेत. ४०० ग्रॅम मैद्याला अर्धा चहाचा चमचा सुक्या लसणाची पूड चालते. त्याहून जास्त घातल्यास तीही पीठ ढिले करते. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो : लसणाचा अख्खा गड्डा वरून थोडा कापून, तेल लावून, फॉइलमध्ये गुंडाळून १८० अंशांवर ४० मिनिटे भाजावा. उष्णतेने ते एन्झाइम निष्क्रिय होते, पाकळ्या लोण्यासारख्या मऊ आणि गोडसर होतात, आणि त्यांचा लगदा दूध-पाण्यात कालवून पिठात घातला तरी पीठ बिघडत नाही.

खरा लसणाचा स्वाद मात्र वरून लावायच्या लोण्यातूनच येतो. ५० ग्रॅम लोणी अगदी मंद आचेवर वितळवावे, त्यात चार-पाच पाकळ्या बारीक चिरून घालाव्यात आणि दोन मिनिटे नुसत्या गरम होऊ द्याव्यात. लसणाचा कच्चा उग्रपणा जाऊन गोडसर वास आला की भांडे उतरवावे. कडा पिवळसर होईपर्यंत थांबले तर कडवटपणा येतो आणि तो मग कशानेही झाकला जात नाही. त्यात चिमूटभर मीठ आणि चिरलेली पार्सली किंवा सुका ओरेगानो घालावा. हे लोणी भाजण्यापूर्वी लावू नये, कारण २०० अंशांच्या धगीत लसणाचे तुकडे करपतात. भाजण्यापूर्वी केवळ दूध लावावे आणि लसूण-लोणी बाहेर काढल्यावरच लावावे.

प्रश्न : यीस्ट दहा मिनिटांत फसफसले नाही, तरी पुढे जावे का?

जाऊ नये, मैदा आणि लोणी वाया जाईल. मात्र कोमट पाण्यात यीस्ट फसफसते का हे पाहण्याची ही चाचणी ॲक्टिव्ह ड्राय यीस्टची आहे, इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळता येते. पाणी ३५ ते ४० अंशांचे असावे. बोट बुडवल्यावर ते जेमतेम कोमट लागले पाहिजे. बोटाला स्पष्ट गरम लागले तर ते जास्तच तापले आहे असे धरावे, कारण आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश असते. ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरते.

प्रश्न : या ब्रेडस्टिक्स खरोखर इटलीतल्या आहेत का? इटलीत फिरताना हॉटेलात मिळाल्या त्या काडीसारख्या बारीक आणि कडकडीत होत्या.

आपण खाल्ल्या त्या ग्रिसिनी. त्या वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांताच्या, तूरिन शहराच्या. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे राज्य करणाऱ्या साव्होय घराण्याचा बालवयातील ड्यूक व्हित्तोरियो अमेदेओ दुसरा याची प्रकृती नाजूक होती, त्याला पाव पचत नसे, म्हणून दरबारच्या वैद्याच्या सांगण्यावरून आंतोनियो ब्रुनेरो या पाववाल्याने १६७९ च्या सुमारास त्या तयार केल्या, अशी हकिगत परंपरेने सांगितली जाते. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत : हाताने वळलेली, किंचित गाठीगाठींची ‘रुबाता’ आणि दोन्ही टोकांना धरून ताणलेली ‘स्तिरातो’. दोन्ही पूर्ण सुकेपर्यंत भाजतात, त्यामुळे त्या अनेक दिवस टिकतात.

मऊ, जाडसर, लसूण-लोणी माखलेली ब्रेडस्टिक अमेरिकेतल्या इटालियन-अमेरिकन रेस्टॉरंटांमुळे लोकप्रिय झाली. १९८२ मध्ये फ्लोरिडात सुरू झालेल्या ऑलिव्ह गार्डन या साखळीची तर ती ओळखच बनली. इटलीत तिच्या जवळचे काही शोधायचेच असेल तर ते फोकाच्या या तेलात माखलेल्या चपट्या मऊ पावात सापडते. म्हणून ‘इटालियन पद्धतीची’ हा शब्दप्रयोग मला रास्त वाटतो. ग्रिसिनीत पाणी संपूर्ण घालवायचे असते आणि येथे ते जपायचे असते, एवढे लक्षात ठेवले तर एकीची कृती दुसरीला लावण्याची चूक होत नाही.

प्रश्न : पीठ वळताना रबरासारखे आखडते, लांबी टिकत नाही. भाजल्यावर काही जाड, काही बारीक होतात.

मळल्यानंतर आणि उंडे केल्यानंतर ग्लुटेन ताणलेले असते. त्याला विसावा न देता वळायला घेतले की ते मागे खेचते. पहिल्यांदा पीठ दुप्पट फुगल्यावर, म्हणजे २७ अंशांच्या खोलीत साधारण तासा-सव्वा तासाने, त्यातील हवा हलकेच काढावी, ५० ग्रॅमचे उंडे करावेत आणि ते झाकून दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावेत. मग प्रत्येक उंडा हाताने चपटा करून लांबट दुमडावा, शिवण चिमटून बंद करावी, आणि दोन्ही तळहात मध्यावर ठेवून बाहेरच्या बाजूला सरकवत १८ सेंटिमीटरपर्यंत वळावा. तरीही आखडला तर त्याच्याशी झटू नये. तो बाजूला ठेवून पुढचे उंडे वळावेत आणि पाच मिनिटांनी पुन्हा त्याच्याकडे यावे. ओट्यावर पिठी भुरभुरवू नये, कारण मग उंडा घसरतो आणि वळला जात नाही.

ट्रेमध्ये ब्रेडस्टिक्स दोन सेंटिमीटर अंतरावर ठेवाव्यात. फुगल्यावर त्या एकमेकींना जेमतेम टेकतात, आणि टेकलेल्या बाजूंना साल न धरल्याने त्या अधिक मऊ राहतात. दुसऱ्यांदा ३० ते ४० मिनिटे फुगू द्यावे. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून आला तर ओव्हनमध्ये घालण्याची वेळ झाली. खळगा झटकन भरला तर अजून थांबावे. तो मुळीच भरला नाही तर वेळ टळून गेली आहे, आणि ब्रेडस्टिक ओव्हनमध्ये बसण्याची शक्यता आहे.

प्रश्न : मैद्याऐवजी पूर्ण कणीक वापरता येईल का?

वापरता येईल, पण मग मऊपणाची अपेक्षा कमी करावी लागेल, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोंड्याचे टोकदार कण ग्लुटेनच्या जाळीला छेद देतात आणि पाणीही जास्त शोषतात. एक तृतीयांश मैद्याच्या जागी कणीक घेतली, २० ते २५ मिलिलिटर पाणी वाढवले आणि यीस्ट, मीठ व लोणी घालण्यापूर्वी कणीक, मैदा, दूध आणि पाणी कालवून अर्धा तास मुरत ठेवले, तर फरक फारसा जाणवत नाही.

प्रश्न : वर घालायला परमेजान चीज शाकाहारी असते का?

मूळ पार्मिजानो रेज्जानो हे चीज त्याच्या नियमानुसार वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे द्रव्य, वापरूनच केले जाते, त्यामुळे ते शाकाहारी नाही. सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतींपासून मिळवलेले रेनेट वापरलेली, त्याच चवीची कठीण चीजे मिळतात. वेष्टन वाचून घ्यावे. चीज खारट असते, म्हणून लसूण-लोण्यातील मीठ वगळावे.

प्रश्न : उरलेल्या ब्रेडस्टिक्स फ्रिजमध्ये ठेवल्या तर दगडासारख्या होतात. दुसऱ्या दिवशीही मऊ राहाव्यात म्हणून काय करावे?

फ्रिज हाच त्यांचा शत्रू आहे. पाव भाजताना मैद्यातील पिष्ठ, म्हणजे स्टार्च, पाणी शोषून फुगते आणि मऊ होते. थंड झाल्यावर ते हळूहळू पुन्हा घट्ट रचना धरू लागते. पाव शिळा होतो तो मुख्यतः यामुळे, आणि ही क्रिया शून्याच्या थोड्या वरच्या तापमानात, म्हणजे नेमक्या फ्रिजच्या तापमानात, सर्वांत वेगाने होते. म्हणून त्याच दिवशी खायच्या ब्रेडस्टिक्स फडक्यात गुंडाळून डब्यात बाहेरच ठेवाव्यात, आणि बाकीच्या पूर्ण निवल्यावर हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. खाताना फॉइलमध्ये गुंडाळून १७० अंशांवर आठ-दहा मिनिटे गरम केल्या की पिष्ठ पुन्हा मऊ होते. अशा प्रकारे गरम केलेली ब्रेडस्टिक मात्र लगेच खावी, कारण दुसऱ्यांदा ती अधिक लवकर कडक होते. भाजण्यापूर्वीचे कच्चे पीठ फ्रिजमध्ये आठ-दहा तास ठेवायला काहीच हरकत नाही. सावकाश फुगल्याने त्याची चव उलट खुलते.

मऊपणा आणखी टिकवायचा असेल तर पूर्व आशियातील पावांत वापरली जाणारी खळीची युक्ती करून पाहावी. वरच्या प्रमाणातीलच २० ग्रॅम मैदा आणि १०० मिलिलिटर पाणी घेऊन मंद आचेवर सतत ढवळावे. ६५ अंशांच्या आसपास ते दाटते आणि चमचा फिरवल्यावर तळाशी रेघ उमटते. ही खळ निववून पिठात घालावी. शिजलेले पिष्ठ जास्त पाणी धरून ठेवते, त्यामुळे पिठात आणखी दोन मोठे चमचे पाणी घातले तरी ते हाताला जास्त चिकटत नाही. मी आता खळीवाचून ब्रेडस्टिक्स करतच नाही.

प्रश्न : लसूण घातलेले तेल बाटलीत भरून बाहेर ठेवले आहे. ते किती दिवस वापरता येईल?

ते टाकून द्यावे. वास आणि रंग चांगला असला तरीही टाकून द्यावे. लसणावर मातीतील क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात; तेलाखाली हवा नसते, आम्लता कमी असते, आणि खोलीच्या तापमानात तेथे हा जिवाणू वाढून जिवावर बेतणारे विष तयार करू शकतो, ज्याला वास नसतो. लसणाचे तेल किंवा लोणी लागेल तेवढेच करावे. उरलेच तर झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवावे व दोन-तीन दिवसांत संपवावे. अधिक काळ हवे असल्यास लोण्याचे चमचा-चमचा भर गोळे फ्रीजरमध्ये गोठवून ठेवावेत आणि ब्रेडस्टिक्स भाजायला घातल्यावर हवे तेवढेच बाहेर काढून मंद आचेवर वितळवावेत.